आईच्या तोंडचे शब्द

माझी आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. १९९१ च्या मार्गशीर्षात ती गेली. तिची म्हणून कागदावर काय काय खूण उरली आहे, ते मी मध्यंतरी घरात शोधून पाहिलं. जुन्या रेशनकार्डावर तिचं नाव सापडलं. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे वारस म्हणून ते लागलं होतं, पुढे तिच्यामागे कमी झालं. सोसायटीच्या कर्जाच्या एका कागदावर तिचा अंगठा आहे. एक नाव आणि एक अंगठा, एवढंच! साठ-बासष्ट वर्षं जगलेली, चार लेकरं वाढवलेली, रोज पहाटे उठून काही ना काही गात असलेली ती बाई. पण तिनं उच्चारलेला एकही शब्द आमच्या घरातल्या कुठल्याही कागदावर नाही. आणि तिचा मुलगा मात्र छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होता! दुसऱ्यांच्या मुलांना लिहायला शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं आपल्या आईच्या चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत. आज मी जे बोलणार आहे ते या चुकीविषयी आहे, आणि ही चूक ज्याच्या हातून झाली नाही अशा एका मुलाविषयीही आहे.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या भागात. बाजरीचा मुलूख. वडील मुंबईला कापडाच्या गिरणीत बदलीवर होते. शिमग्याला आणि दिवाळीला घरी येत. शेत, गाय, म्हातारी आजी आणि आम्ही चार भावंडं, सगळं आईच्या अंगावर. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी ती उठे. दोन-अडीच शेर बाजरी सुपात घेऊन जात्यापाशी बसे. आमच्या शेजारच्या नानी, म्हणजे नात्यानं माझ्या चुलती, समोर येऊन बसत. दोघींचे हात एका खुंट्यावर. एकीनं मूठमूठ बाजरी वैरायची, जातं घरघरू लागायचं, आणि मग ओवी सुरू व्हायची. मी धाकटा, म्हणून आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच निजलेला असे. जात्याच्या फेऱ्याबरोबर तिची मांडी हले, आणि त्या हलण्यात आणि त्या सुरात मला पुन्हा झोप लागे. तुमच्यापैकी ज्यांचं वय आता पासष्ट-सत्तरच्या पुढे आहे, त्यांतल्या कितीकांना ही झोप आठवत असेल!

ओवी म्हणजे काय, हे इथल्या माताभगिनींना मी सांगायला नको. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला, मग लेकराला. पंढरीचा विठ्ठल त्यात येई, माहेरची वाट येई, सासुरवासाचं दुःख येई. जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते जात्याशी बोलता येई; कारण जातं ऐकतं, पण कुणाला सांगत नाही. काही ओव्या आईनं तिच्या आईकडून घेतलेल्या होत्या आणि काही तिच्या स्वतःच्या होत्या. कुठल्या तिच्या आणि कुठल्या परंपरेच्या, हे आज मला सांगता येणार नाही. मी ते तिला कधी विचारलंच नाही.

मी सातवीत असताना गावात डिझेल इंजिनाची पिठाची गिरणी आली. वेशीजवळ तिची पुकपुक सुरू झाली आणि घरोघरची जाती हळूहळू थंडावली. बायकांच्या हातांचे घट्टे गेले. ते बरंच झालं. पहाटे दोन दोन तास दगड ओढण्याची हौस कुणाला असते? ते कष्ट परत यावेत असं माझी आईदेखील म्हणाली नसती. पण कष्ट गेले त्यांच्याबरोबर ओवीही गेली, आणि ती जाताना कुणी पाहिली नाही. जातं मग डाळीच्या भरड्यापुरतं आणि लग्नात हळद दळण्यापुरतं कोपऱ्यात उरलं.

मला अक्षर येऊ लागल्यापासून वडिलांना पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आई चुलीपुढे बसून मजकूर सांगे आणि मी पाटावर कार्ड ठेवून लिही. ती सांगायची, "त्यान्ला लिही, गाय याली. गोऱ्हा झालाय. कपाळावर पांढरा चांद हाय, अन् उभा ऱ्हाताना तीनदा पडला. आता तुरूतुरू पळतोय. म्हणावं, आल्याव बघाल तर हसू यील." आणि मी काय लिहावं? शाळेत पत्रलेखन शिकवलेलं होतं. मी लिही, "तीर्थस्वरूप बाबांस, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, गाय व्याली. बाकी सर्व क्षेम आहे." मग आई विचारी, "समदं लिवलंस ना रं?" आणि मी म्हणे, "हो, सगळं लिहिलं."

एकदा पावसाळ्यात ती म्हणाली, "लिही, दिवस जातो कामात, पर रात जाता जात न्हाई." मला लाज वाटली. असलं पत्रात लिहीत नसतात, असं मला वाटलं. मी लिहिलं, "इकडे पाऊसपाणी बरे आहे."

पुढे मी शिक्षकाच्या प्रशिक्षणाला गेलो. १९७२ चा तो दुष्काळ. गावोगाव पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामं निघाली होती. माझी आई खडी फोडायला जात होती. तिथं मिळणारी सुकडी ती पदरात बांधून धाकट्या बहिणींसाठी घरी आणी, आणि मिलोच्या लाल भाकरीवर स्वतः दिवस काढी. त्या मजुरीतून वाचवलेल्या पैशातून माझा खानावळीचा खर्च निघत होता. त्या वर्षी दिवाळीला मी बरोबरच्या दोघा विद्यार्थ्यांना घरी घेऊन आलो. आईनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "घ्या, पानी घ्या." मी त्या दोघांदेखत म्हणालो, "आई, पानी नव्हे. पाणी. ण, ण!" ते दोघं हसले. आईही हसली. पण त्यानंतर माझ्याबरोबर कुणी पाहुणा आला की ती तांब्या नुसताच पुढे ठेवायची, बोलायची नाही. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

श्रोतेहो, माझ्या आईची गोष्ट इथं थांबवून मी तुम्हाला आता खानदेशात नेतो. माझ्याकडून जे राहिलं ते तिथं एका मुलानं केलं, म्हणून ती हकीकत सांगायची आहे.

जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरात १८८० साली एक मुलगी जन्मली. तिचं नाव बहिणाबाई. तेराव्या वर्षी तिचं लग्न जळगावच्या नथूजी चौधरींशी झालं. ती शाळेत गेली नाही. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. शेतात राबावं, घरी दळावं, कांडावं, गुरं-वासरं सांभाळावी, असं चारचौघींसारखं तिचं आयुष्य. तिशीच्या सुमारास तिच्यावर वैधव्य कोसळलं. पदरात तीन मुलं: काशी, ओंकार आणि सोपान. ओंकारला तर प्लेगनं कायमचं अपंगत्व आलं. आपल्या समाजात त्या काळी तिशीतल्या विधवेच्या वाट्याला काय येत असे, ते निराळं सांगायला नको. पण ही बाई खचली नाही. काम करता करता ती गाणी रचत राहिली. पेरणी, कापणी, मळणी, जातं, चूल, झाडावर लोंबणारा सुगरणीचा खोपा, माहेर, आणि माणसाचं चंचल मन. जे जे डोळ्यांपुढे आलं त्याचं तिनं गाणं केलं. ही गाणी कागदासाठी नव्हती, ती हातातल्या कामासाठी होती. काम संपलं की गाणंही वाऱ्यावर जाई.

तिचा धाकटा मुलगा सोपान शाळेत जाऊ लागला. त्याची एक गोष्ट सांगतात, ती आपण शिक्षकांनी मनात ठेवण्यासारखी आहे. सोपाननं एकदा आपल्या पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. आईनं ती ऐकून घेतली आणि ती आपल्या कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिनं त्या कथेचं गाणं रचलं होतं! मुलगा चकित झाला. आपली आई अडाणी नाही, तिला फक्त अक्षर येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. पुढे त्यांच्या नात्यातल्या पीतांबर चौधरींनीही काही गाणी लिहून घेतली.

हा सोपान म्हणजेच पुढचे कवी सोपानदेव चौधरी. आता यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे मी तुमचं लक्ष वेधू इच्छितो. सोपानदेव स्वतः लिहिणारे होते, शिकलेले होते, पुस्तकी मराठी त्यांना अवगत होती. त्यांना आईची भाषा सुधारून घेता आली असती. पण बहिणाबाईंची गाणी छापून आली ती त्यांच्या खानदेशी, लेवा बोलीत. त्यांच्या घरात आणि शेतात जी भाषा होती तिच्यात. मी माझ्या आईच्या चांद असलेल्या गोऱ्ह्याचं 'गाय व्याली, सर्व क्षेम' करून टाकलं. सोपानदेवांनी आईचा शब्द आईचाच ठेवला. मुलगा शिकून शहाणा झाला, की आईपेक्षा शहाणा झाला असं त्याला वाटतं. या मुलाला तसं वाटलं नाही, याची मला फार थोरवी वाटते.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. तोवर त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालेलं नव्हतं. आईच्या मागे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. घरातल्या अशिक्षित बाईच्या या गाण्यांना साहित्यातली थोर माणसं काय म्हणतील, असा संकोच मुलाच्या मनात होताच. पण अत्र्यांनी ती गाणी वाचली आणि हे बावनकशी सोनं आहे, असं म्हटलं. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं, आणि सारा महाराष्ट्र एका शेतकरी बाईच्या शब्दांपुढे नम्र झाला. १९६१ साली 'मानिनी' हा चित्रपट आला. त्यातून ती गाणी वाचता न येणाऱ्यांच्याही कानांपर्यंत पोचली. आज शाळेत जाणाऱ्या मुलांना ती पाठ असतात. जळगावला १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव देण्यात आलं. जिला पाटी मिळाली नाही, तिचं नाव आज पदवीच्या कागदावर असतं!

बहिणाबाईंनी छापखान्यावरही एक गाणं रचलं आहे. कोऱ्या कागदावर अक्षरं उमटताना पाहून एका निरक्षर बाईला नवल वाटलं आणि त्याचं तिनं गाणं केलं. आपलेच शब्द एक दिवस त्या यंत्रातून निघणार आहेत, हे तिला कुठून ठाऊक असणार?

पण श्रोतेहो, या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. सोपानदेवांच्या वहीत आली ती गाणी वाचली. जी आली नाहीत, ती गेली. जन्मभर गाणाऱ्या बाईचं आपल्या हाती आहे ते एका लहानशा पुस्तकात मावणारं. एवढा जागा मुलगा असूनही जर इतकं निसटलं, तर जिथं कुणीच जागं नव्हतं तिथं काय झालं असेल? गावोगावच्या किती आयांची गाणी जात्याच्या पिठाबरोबर उडून गेली, त्याला मोजमाप नाही.

हे सगळं मला उशिरा सुचलं. १९८८-८९ च्या सुमारास मी मुलांना बहिणाबाईंची कविता शिकवत होतो. आईची गाणी मुलानं कशी लिहून घेतली ते सांगितलं. तेव्हा चौथीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमची आई कुठली गाणी म्हणायची?" मला उत्तर देता आलं नाही. त्या शनिवारी मी वही घेऊन गावी गेलो. आईला म्हटलं, "आई, तुझ्या ओव्या सांग. मी लिहून घेतो." ती लाजली. म्हणाली, "आरं, आता कशाच्या ओव्या! त्या काय तोंडानं येत्यात? त्या हातानं येत्यात. खुट्याला हात लागला का मग ध्यानात येत्यात." मी म्हटलं, "मग जातं मांडू." ती म्हणाली, "त्याला टाकी लावाया पायजेल. दिवाळीला मांडू, नानीलाबी बोलवू." मी वही पिशवीत घातली. ती दिवाळी गेली. पुढच्या दिवाळीला माझी कसलीशी गणती निघाली. त्याच्या पुढच्या दिवाळीला आईच अंथरुणाला खिळली होती. मार्गशीर्षात ती गेली. वही कोरीच राहिली.

दहावा झाला त्या संध्याकाळी नानी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचे डोळे अधू झाले होते. म्हणाल्या, "बाळा, तू साळंत जाया लागलास तवा तुझ्या आयनं तुझ्याव एक ओवी केली व्हती. आयकतो का?" आणि त्यांनी ती मला म्हणून दाखवली. लेकरू पाटी घेऊन शाळेत निघालं आहे, पाऊस भुरभुरतो आहे, पाटीवरची अक्षरं काय आहेत ते आईला कळत नाही, पण ती भिजू नयेत म्हणून ती त्यांच्यावर पदर धरते आहे; असा तिचा भाव. ही ओवी मी आजवर कुणाला म्हणून दाखवलेली नाही, आजही म्हणणार नाही. तेवढी ती माझ्याजवळ राहू द्या. पण त्या रात्री मी ती लिहून ठेवली, 'ण' न करता, जशीच्या तशी. ज्या अक्षरांवर तिनं पदर धरला, त्याच अक्षरांनी मी तिला गप्प केलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

वडिलांच्या मागे त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा त्यात सगळी कार्डं जपून ठेवलेली होती. सुतळीनं बांधलेली. सारी माझ्या हातची. मी एकेक वाचून पाहिलं. 'बाकी सर्व क्षेम आहे.' आईचा शब्द त्यात एकही नव्हता.

आता थोडं कामाचं बोलून मी तुमची रजा घेणार आहे. काही माणसांनी हे काम वेळेवर केलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी, आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. एक लाख! यावरून या मातीत काय धन होतं याची कल्पना करा. पण सारंच काम दुसऱ्यांवर टाकून भागत नाही. आपल्या आईला आपल्याइतकं ओळखणारं कोण आहे?

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढी विनंती आहे. मुलांना 'माझी आई' हा निबंध आपण दर वर्षी घालतो. 'माझी आई फार प्रेमळ आहे, ती मला खाऊ देते', असं पन्नास वह्यांत एकच लिहिलेलं असतं. त्याऐवजी मुलांना सांगा: घरी जा, आईला नाहीतर आजीला एक गोष्ट विचारा, आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. तिनं 'पानी' म्हटलं तर 'पानी' लिहा. त्या वहीवर तांबडी शाई चालवू नका. शुद्धलेखन शिकवायला दुसरे तास आहेत. आणि पाठ्यपुस्तकातला धडा घरी आईला वाचून दाखवायला सांगा; सावित्रीची गोष्ट अशीच एका स्वयंपाकघरात पोचली होती.

आणि ज्यांची आई आज घरात आहे, त्यांना सांगतो. आता वहीचंही कारण नाही. घरोघर मोबाइल फोन आहे, त्यात आवाज साठवता येतो. आज संध्याकाळी जेवणं झाली, की तिच्याजवळ बसा. मोठे प्रश्न विचारू नका, ती म्हणेल, "माझं काय सांगायचंय!" पाणी कुठून आणायचीस, पहिल्यांदा सासरी आलीस तेव्हा कोण कोण होतं, कुठलं गाणं म्हणायचीस, एवढंच विचारा. कोपऱ्यात जातं असेल तर मांडा. ती हाताला धरून खुंट्यापाशी बसली, की बाकीचं आपोआप येईल.

दिवाळीपर्यंत मात्र थांबू नका.